कार्डांचं कर्ज फेडायचंय: नॉनप्रॉफिट काउन्सेलिंग, लोन, सेटलमेंट की बँकरप्सी?

अमेरिकेत क्रेडिट कार्डांच्या कर्जात अडकलेल्या आणि विचारायचं कोणाला हेच कळत नसलेल्या मराठी माणसासाठी हे लिहितेय, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः तिथेच होते. नवऱ्याचा जॉब गेला, दुसरा मिळायला सात महिने लागले, माझा एकटीचा पगार घरभाडं आणि डेकेअर यातच संपायचा आणि बाकी सगळं, ग्रोसरी, गाडीचा इन्शुरन्स, एकदा मुलाला घेऊन इमर्जन्सी रूममध्ये जावं लागलं ते बिल, हे चार कार्डांवर जात राहिलं. त्याला जॉब लागला तोवर चारही मिळून १८,००० डॉलर झाले होते, व्याज सरासरी २४ टक्के. आम्ही एकही हप्ता चुकवला नव्हता, म्हणून मला वाटायचं आपलं बरं चाललंय.

एका रात्री मुलं झोपल्यावर चारही स्टेटमेंट डायनिंग टेबलवर पसरली आणि पहिल्यांदा नुसता मिनिमम पेमेंटचा आकडा न बघता व्याजाची ओळ शोधली. चारही कार्डांचं मिनिमम मिळून आम्ही ५४० डॉलर भरत होतो आणि त्यातले ३६० नुसते व्याजात जात होते. मुद्दलात गेले १८०. आणि त्याच महिन्यात हात आखडला म्हणून २०० ची ग्रोसरी परत कार्डावरच घेतलेली. म्हणजे ५४० भरूनही कर्ज २० डॉलरने वाढलं होतं. नवऱ्याला दाखवलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

त्याच स्टेटमेंटवर एक चौकट असते, २००९ च्या कार्ड अ‍ॅक्टमुळे बँकांना ती छापावीच लागते, आणि आपण ती कधी वाचत नाही. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर किती वर्षं लागतील, आणि ३६ महिन्यांत संपवायचं असेल तर महिना किती भरावे लागतील, हे दोन्ही आकडे त्यात दिलेले असतात, आणि खाली क्रेडिट काउन्सेलिंगसाठी एक टोल-फ्री नंबरसुद्धा. माझ्या मते कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी ३६ महिन्यांचा तो आकडा सगळ्या कार्डांचा बेरीज करून बघा. आमचा आला साधारण ७०६ डॉलर. तेवढे तुम्ही दर महिन्याला खात्रीने काढू शकत असाल, आणि कार्डं वापरणं बंद करू शकत असाल, तर तुम्हाला बहुतेक कोणाचीच गरज नाही, सगळ्यात जास्त व्याजाचं कार्ड आधी संपवा मग पुढचं, तीन वर्षांत एकूण २५,४०० च्या आसपास जाऊन मोकळे व्हाल. आम्ही घासून घासून ४५० पर्यंत पोचत होतो. म्हणजे मिनिममलाही कमी पडत होते. तिथून पुढे आम्ही एकेक पर्याय बघायला लागलो.

नॉनप्रॉफिट काउन्सेलिंग म्हणजे नक्की काय

सुरुवातीला माझा समज होता की ही कर्ज माफ करून देणारी लोकं. तसं नाहीये. मुद्दल एक डॉलरने कमी होत नाही, कमी होतं ते व्याज. पहिला सेशन सहसा फुकट असतो, फोनवर किंवा समोर बसून, साधारण तासभर, आणि त्यात ते तुमचा पगार, खर्च, कर्जं सगळं ओळीने विचारतात. त्यानंतर तुमच्यासाठी योग्य वाटला तर डेट मॅनेजमेंट प्लॅन सुचवतात, लोक डीएमपी म्हणतात त्याला. तुम्ही महिन्याला एकच रक्कम एजन्सीला द्यायची, ते ती चार-पाच बँकांना वाटतात, आणि बँका त्यांच्याशी आधीच ठरलेल्या सवलतीप्रमाणे व्याज खाली आणतात, बऱ्याचदा ८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, लेट फी पण पुष्कळदा थांबवतात. मुदत ३ ते ५ वर्षं. हे नवीन लोन नाही, कर्ज त्याच बँकांचं राहतं.

आमचं गणित असं बसलं: १८,००० वर ८ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता ३६५ डॉलर, वर एजन्सीची फी महिना ४०, एकूण ४०५. आधी ५४० जात होते, आता ४०५ जाणार आणि तरी संपणार. पहिल्या महिन्याच्या ३६५ मधले १२० व्याजात आणि २४५ मुद्दलात गेले. पाच वर्षांत फीसकट एकूण २४,३०० च्या आसपास. त्याच ६० महिन्यांत २४ टक्क्यांनी फेडायचे म्हटले असते तर महिना ५१८ आणि एकूण ३१,००० च्या वर गेले असते.

त्या सेशनमधली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिलीये. काउन्सेलर बाई खर्च विचारत होत्या, भाडं, वीज, फोन, पेट्रोल, आणि मग म्हणाल्या, कुटुंबात कोणाला पैसे पाठवता का? नवरा गप्प. तो दर महिन्याला ३०० डॉलर आईवडिलांना पाठवायचा, जॉब नव्हता तेव्हासुद्धा पाठवत होता, आणि आम्ही बनवलेल्या बजेटमध्ये ती ओळच नव्हती, कारण ती लिहिली तर कापावी लागेल ही भीती. त्या बाई म्हणाल्या की हे कापा असं मी सांगणार नाही, पण लिहा, कारण न लिहिलेला खर्चच शेवटी कार्डावर जातो. आम्ही तो लिहिला, २०० वर आणला, आणि सासूबाईंना खरं कारण सांगितलं. मला वाटलं होतं त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंत. आपल्याकडे कर्ज झालं हे चारचौघांत काय, घरात पण सांगायची लाज वाटते, आणि माझं प्रामाणिक मत आहे की ती लाज आम्हाला व्याजापेक्षा महाग पडली, कारण तिच्यापायी दीड वर्ष गेलं.

आता तोटे, तेही सरळ सांगते. प्लॅनमध्ये घातलेली कार्डं बंद होतात, आणि प्लॅन चालू असताना नवीन कार्ड घ्यायचं नाही अशी अट असते. गाडी भाड्याने घेताना किंवा हॉटेलमध्ये डेबिट कार्डावर जास्तीचे पैसे अडकवून ठेवतात तो त्रास आम्ही चार वर्षं काढला. हप्ता चुकला तर बँक सवलत काढून घेऊ शकते आणि व्याज परत मूळ दरावर जातं, म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशीचं ऑटोपे लावा. गाडीचं लोन, घराचं लोन, स्टुडंट लोन यात बसत नाहीत, हे प्लॅन मुळात कार्डं आणि तशाच बिनतारण कर्जांसाठी आहेत, वसुलीवाल्यांकडे गेलेली खाती कधीकधी बसतात. आणि क्रेडिट स्कोरचं म्हणाल तर, प्लॅनमध्ये असल्याची नोंद रिपोर्टवर आली तरी फिको स्कोर त्याचे मार्क कापत नाही, पण कार्डं बंद झाल्यामुळे तुमची एकूण लिमिट घटते आणि त्याने स्कोर उतरतो. आमचा पहिले काही महिने उतरला, मग शिल्लक कमी होत गेली तसा हळूहळू चढला.

सुरुवातीच्या महिन्यात एक गोची असते. बँकांनी प्रस्ताव मान्य केल्याचं कळेपर्यंत जुने मिनिमम आपणच भरत राहायचे. मी एका कार्डाचं थांबवलं, वाटलं आता एजन्सी भरेल, आणि लेट फी लागली. चूक माझीच, कारण हे मला सांगितलेलं होतं आणि मी नीट ऐकलं नव्हतं.

स्वतः बँकेला फोन करणं

जे काम एजन्सी करते त्यातलं थोडं तुम्ही स्वतः करू शकता, आणि एकच कार्ड असेल तर आधी हेच करून बघा. कस्टमर सर्व्हिसला फोन करून हार्डशिप प्रोग्राम आहे का असं याच शब्दांत विचारायचं. जॉब गेला, आजारपण झालं, असं कारण असेल तर बऱ्याच बँका काही महिने व्याज आणि हप्ता कमी करतात, कार्ड गोठवतात. फी नाही, तिसरा माणूस नाही. पण सवलत बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभर टिकते, कर्ज संपेपर्यंत नाही, आणि चार बँकांशी चार वेळा बोलायचं, एक हो म्हणते, एक नाही म्हणते, तारखा चार वेगळ्या. आम्हाला दोघांनी हो म्हटलं, तिसऱ्याने आधी हप्ते थकू द्या मग बघू अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. अडचण तात्पुरती असेल, म्हणजे दोन-तीन महिन्यांत पगार सुरू होणारच असेल, तर मी आजही आधी हेच करेन. अडचण लांबची असेल तर डीएमपी.

लोन आणि बॅलन्स ट्रान्सफर

बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे जुन्या कार्डांचं कर्ज नवीन कार्डावर हलवणं, ऐकायला सगळ्यात गोड. ० टक्के व्याज, १२ ते २१ महिने, फी ३ ते ५ टक्के. पण १८,००० वर ३ टक्के फी धरली तरी १८,५४० होतात आणि १८ महिन्यांत संपवायचे तर महिना १,०३० डॉलर पाहिजेत. ज्यांचं कर्ज चार-पाच हजार आहे आणि स्कोर चांगला आहे त्यांच्यासाठी हे उत्तम, डीएमपीपेक्षा स्वस्त पडतं, त्यात शंका नाही. आमच्यासारख्यांना मुळात तेवढी लिमिटच मिळत नाही.

कन्सॉलिडेशन लोनचं, म्हणजे एकच लोन काढून सगळी कार्डं फेडायची त्याचं, मात्र नीट गणित करा, कारण इथे लोक नुसता हप्ता बघतात. मी काढलेला हिशोब असा, की १८,००० वर ६० महिन्यांचं लोन १२ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ४०० आणि एकूण २४,०००, म्हणजे जवळजवळ आमच्या डीएमपीएवढंच. म्हणजे तुम्हाला १२ च्या खाली दर मिळत असेल तर लोन घ्या, स्वस्त पडेल आणि कार्डंही चालू राहतील, वर असेल तर डीएमपी बरा. मात्र ओरिजिनेशन फी, म्हणजे लोन देतानाच कापून घेतात ती फी, मोजायला विसरू नका, ५ टक्के फी असेल तर १८,००० च्या लोनमधले १७,१०० च हातात येतात आणि व्याज १८,००० वर लागतं. क्रेडिट युनियनमध्ये खातं असेल तर आधी तिथे विचारा.

आणि कार्डं चालू राहतात हा फायदा आहे का तोटा, हे ज्याने त्याने स्वतःला विचारायचं. लोनने चारही कार्डं शून्यावर आली आणि दोन वर्षांनी लोन पण आहे आणि कार्डंही परत भरलीयेत, अशी दोन कुटुंबं आमच्याच ओळखीत आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही, कर्ज ज्या कारणाने झालं ते कारण तसंच होतं, महिन्याला पगारापेक्षा खर्च जास्त. ते जिथे आहे तिथे लोन म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली.

याच्यातच ४०१-के मधून, म्हणजे ऑफिसमार्फतच्या रिटायरमेंटच्या खात्यातून, लोन काढायचा विषय येतो, कारण ऑफिसमध्ये कोणीतरी हमखास सुचवतंच. खात्यातल्या तुमच्या हक्काच्या रकमेच्या निम्मी किंवा ५०,००० डॉलर, यातली जी कमी तेवढी रक्कम सहसा मिळते, व्याज स्वतःलाच जातं, क्रेडिट चेक नाही. पण जॉब गेला तर उरलेली रक्कम पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत परत भरावी लागते, नाहीतर ती उत्पन्न धरली जाते आणि साडेएकोणसाठच्या आतले असाल तर वर सहसा १० टक्के दंड. एच-१-बी वर असाल तर हे जास्तच लागू, जॉब गेल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात आणि त्यात हे आणखी एक ओझं. दुसरं म्हणजे, बँकरप्सीमध्येही, म्हणजे कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली तरी, ४०१-के ला सहसा हात लागत नाही. जे पैसे कोर्टसुद्धा घेत नाही ते आपणहून कार्डवाल्याला देण्याआधी दहा वेळा विचार करा.

सेटलमेंट कंपन्या

इथे थोडं थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त जाहिराती यांच्या आणि लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथेच. मी नॉनप्रॉफिट काउन्सेलिंग शोधत असताना पहिले जे तीन फोन मला आले ते सेटलमेंटवाल्यांचे होते, आणि त्यातल्या एकाने स्वतःला काउन्सेलरच म्हणवून घेतलं.

त्यांचं काम असं चालतं. तुम्ही बँकांचे हप्ते बंद करायचे, ते पैसे एका वेगळ्या खात्यात साठवायचे, थकबाकी वाढली की बँक घाबरून कमी पैशांत मिटवायला तयार होते, मग कंपनी बोलणी करून समजा निम्म्यात मिटवते आणि स्वतःची फी घेते, साधारण तुम्ही सांगितलेल्या एकूण कर्जाच्या १५ ते २५ टक्के. आमच्या १८,००० वर त्यांचा कागद दिसायला छान होता, ९,००० बँकांना, ४,५०० त्यांना, एकूण १३,५००. डीएमपीपेक्षा दहा हजारांहून जास्त कमी. खरं सांगते, मी त्या रात्री जवळजवळ सही केलीच होती.

कागदावर जे नव्हतं ते असं. पहिलं, हप्ते बंद केल्यावर व्याज आणि लेट फी चालूच राहतात, त्यामुळे मिटवायची वेळ येते तेव्हा कर्ज १८,००० राहिलेलं नसतं. दुसरं, १८० दिवस पैसे नाही आले की बँक खातं चार्ज-ऑफ करते, म्हणजे बुडीत कर्ज धरते, आणि तो डाग क्रेडिट रिपोर्टवर सात वर्षं राहतो. आमचा एकही हप्ता चुकलेला नव्हता, आम्ही हे सगळं आपल्या हाताने करणार होतो. तिसरं, बँकेने मिटवलंच पाहिजे असं नाही, काही बँका या कंपन्यांशी बोलतच नाहीत, आणि बँक कोर्टात जाऊ शकते. कोर्टाच्या कागदाला उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि मग पगारातून कापून घेतात, फेडरल कायद्याने टॅक्ससारखी सक्तीची कपात होऊन उरलेल्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना इथे साध्या कार्डाच्या कर्जासाठी सहसा पगाराला हात लावता येत नाही, पण बँक खात्याचं काय, ती काळजी तिथेही असतेच. चौथं, सोडून दिलेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर बँक १०९९-सी फॉर्म पाठवते आणि ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. ९,००० सुटले आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर साधारण १,९८० टॅक्स. त्यावेळी तुमची देणी तुमच्या मालमत्तेपेक्षा जास्त होती असं दाखवता आलं तर फॉर्म ९८२ भरून हा टॅक्स पूर्ण किंवा काही अंशी टाळता येतो, पण हे तुम्हाला विक्रीच्या फोनवर कोणी सांगत नाही.

एक नियम मात्र पाठ करून ठेवा. २०१० पासून एफटीसीच्या (फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नियमाने फोनवरून धंदा करणाऱ्या कंपन्यांना कर्ज मिटवायच्या आधी फी घ्यायला बंदी आहे. निदान एक कर्ज मिटलं पाहिजे, तुम्ही ते मान्य केलं पाहिजे, आणि बँकेला निदान एक पेमेंट गेलं पाहिजे, मगच त्या कर्जाची फी. साठवणीचं खातंही तुमच्या मालकीचं असतं, मधेच सोडलंत तर त्यातले तुमचे पैसे तुम्हाला परत मिळाले पाहिजेत. जो आधीच पैसे मागतो त्याचा फोन ठेवून द्या, बोलणं वाढवू नका.

मग सेटलमेंट कोणासाठीच नाही का? ज्यांची खाती आधीच चार्ज-ऑफ झालीयेत, हाताशी कुठूनतरी एकरकमी पैसे येणार आहेत, त्यांनी वसुलीवाल्याशी स्वतःच बोलून मिटवावं, लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याला कंपनी कशाला पाहिजे, मला तरी पटत नाही. आणि वसुलीवाल्याने पहिल्यांदा कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी विचारलंत तर त्याला कर्जाचा पुरावा दाखवावा लागतो, तेवढं आधी करा.

बँकरप्सी

या शब्दाला आपण जितके घाबरतो तितकं घाबरायचं कारण नाही, काही घरांसाठी हाच सगळ्यात सरळ रस्ता असतो. चॅप्टर ७ मध्ये कार्डांचं कर्ज साधारण चार ते सहा महिन्यांत संपतं, पण त्याला उत्पन्नाची परीक्षा आहे, तुमच्या राज्याच्या मध्यम उत्पन्नाशी तुलना होते. चॅप्टर १३ मध्ये पगारदार माणूस कोर्टाच्या देखरेखीखाली ३ ते ५ वर्षं हप्ते भरतो, घर वाचवायचं असेल तर लोक बहुतेक इकडे जातात. कोर्टाची फी चॅप्टर ७ ला ३३८ आणि चॅप्टर १३ ला ३१३ डॉलर, वकिलाचे वेगळे आणि तेच खरे मोठे. अर्ज दाखल झाला की बँकांचे फोन, खटले, पगारकपात सहसा तिथल्या तिथे थांबतं, ही ताकद डीएमपीत नाही. चॅप्टर ७ रिपोर्टवर दहा वर्षं राहतं. बहुतेक स्टुडंट लोन, मुलांची पोटगी, अलीकडचे टॅक्स यातून सुटत नाहीत.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २००५ च्या कायद्यापासून बँकरप्सी दाखल करायच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त एजन्सीकडून क्रेडिट काउन्सेलिंग घ्यावंच लागतं. म्हणजे शेवटी वकिलाकडे जाणार असाल तरी रस्ता काउन्सेलिंगवरूनच जातो. मग आधीच का जाऊ नये? माझ्या एका मैत्रिणीला काउन्सेलरनेच सांगितलं की तुझ्या पगारात पाच वर्षांचा प्लॅन बसत नाही, महिन्याला ९०० लागतील आणि तुझ्याकडे दीडशे उरतात, तू वकील गाठ. ती तिथे रडली, पण दोन वर्षं उगाच हप्ते भरून मग मोडण्यापेक्षा ते बरं झालं. घरात कुठेही ओढाताण करून कार्डांचं कर्ज पाच वर्षांत संपत नसेल, तर डीएमपी घेऊ नका.

खरी नॉनप्रॉफिट कशी ओळखायची

नॉनप्रॉफिट हा शब्द बघून भाळू नका. अमेरीडेट नावाची संस्था नॉनप्रॉफिट म्हणूनच जाहिरात करायची, लोकांचा पहिला हप्ता बँकांना न देता फी म्हणून ठेवून घ्यायची, २००३ मध्ये एफटीसीने तिच्यावर केस केली. त्यानंतर २००६ मध्ये टॅक्सच्या कायद्यात क्रेडिट काउन्सेलिंग संस्थांसाठी वेगळे नियम आले, पैसे देता येत नाहीत म्हणून ग्राहकाला परत पाठवायचं नाही, ग्राहकाला लोन द्यायचं नाही, फी वाजवी पाहिजे, बोर्डावर जनतेचे प्रतिनिधी पाहिजेत. तरी स्वतः तपासा. एनएफसीसी ही अशा काउन्सेलिंग एजन्सींची १९५१ पासूनची संघटना आहे, दुसरी एफसीएए, तुमची एजन्सी यांची सदस्य आहे का बघा, आणि बँकरप्सीच्या काउन्सेलिंगसाठी मान्यता असलेल्या एजन्सींची राज्यवार यादी न्याय खात्याच्या यू. एस. ट्रस्टी विभागाच्या साइटवर असते, त्यात नाव आहे का बघा.

या संस्थांना बँकांकडूनही पैसे मिळतात, वसूल झालेल्या रकमेतला काही हिस्सा. हे कळल्यावर मला आधी धक्का बसला, म्हटलं मग हे आपल्या बाजूचे की बँकेचे? थेट विचारलं. काउन्सेलर बाईंनी काही न लपवता सांगितलं की हो, मिळतात, आणि म्हणूनच फी कमी ठेवता येते. ते उत्तर मला पटलं. पण यामुळे एक लक्षात ठेवा, एजन्सीचा कल प्लॅनकडे असू शकतो, आणि बँकरप्सीचा विषय त्यांनी काढलाच नाही तर तो तुम्ही काढा. तासाभराचा सेशन न करता, खर्च न विचारता, वीस मिनिटांत कोणी प्लॅनमध्ये घालत असेल तर ती जागा बरोबर नाही. फी सुरुवातीची ० ते ७५ च्या आसपास आणि महिन्याची २५ ते ५० असते, राज्याराज्यांत मर्यादा वेगळ्या, परवडत नसेल तर कमी करा किंवा माफ करा असं मागा, खूप ठिकाणी करतात. व्याजाचे दर बँका ठरवतात, एजन्सी नाही, त्यामुळे दोन चांगल्या एजन्सींमध्ये निवडताना फी आणि माणसं बघा, आम्ही त्यांच्यापेक्षा निम्मं व्याज करून देऊ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आमचं पाच वर्षांचं चार वर्षं सात महिन्यांत संपलं, कारण दरवर्षी टॅक्स रिफंड आला की तो त्यातच घातला, याला दंड नसतो. शेवटच्या दोन महिन्यांत एजन्सीचा आकडा आणि बँकेचा आकडा काही डॉलरने जुळत नव्हता, व्याजाच्या तारखांमुळे असं होतं, तर प्रत्येक बँकेला स्वतः फोन करून शून्य शिल्लक झाल्याचं लेखी मागून घ्या आणि तीनही क्रेडिट ब्युरोंचे (क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे) रिपोर्ट काढून तपासा, ते आता दर आठवड्याला फुकट मिळतात.

पहिला फोन करायच्या आधी हाताशी ठेवायच्या गोष्टी: दोघांच्या गेल्या दोन पगारांच्या स्लिपा, सगळ्या कार्डांची ताजी स्टेटमेंट, गेल्या तीन महिन्यांचं बँक खातं, आणि भारतात पाठवता ते पैसे, दोन वर्षांतून एकदाची तिकिटं, दिवाळीची खरेदी, यांचा महिन्याला पडणारा खरा आकडा. नवरा-बायको दोघं एकाच वेळी फोनवर बसा, स्पीकर लावून. एकाच्याच नावावरची कार्डं असली तरी दोघांनी बसा, कारण प्लॅन एकाच्या नावावर होऊ शकतो पण खर्च घराचा असतो.